ज्वालामुखीचं तोंड कुठंय? आणि दगडांबद्दलचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांवर दोन पानं लिहिली आणि शेवटी सहज म्हटलं की प्रश्न असतील तर पाठवा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखेच प्रश्न होते ते एकत्र केलेत, आणि ज्यांनी थेट दगडच पार्सल केलेत त्यांना हात जोडून विनंती की आता बास, टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरली नाहीये.

प्रश्न : आम्ही आठ-दहा जण दर रविवारी ट्रेकला जातो. सगळा सह्याद्री ज्वालामुखीतून झाला म्हणतात, मग त्या ज्वालामुखीचं तोंड नक्की कुठंय? आमच्यातला एक जण छातीठोकपणे सांगतो की हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा म्हणजे अर्धा तुटलेला क्रेटर आहे. खरं का? (पुणे)

नाही हो. कोकणकड्याला तो वाटीसारखा आकार पाण्याने आणि पडझडीने दिलाय, आणि पुरावा तिथेच समोर आहे. कड्याच्या काठापासून सुरक्षित अंतरावर बसून बाजूच्या भिंतीकडे नीट बघा, आडवे पट्टे दिसतात, वहीतल्या रेघांसारखे एकाखाली एक. क्रेटर असता तर हे थर तोंडापासून बाहेरच्या बाजूला उतरते असते. इथे ते आडवेच्या आडवे आहेत.

शाळेत आपण सगळ्यांनी ते चित्र काढलेलं असतं, त्रिकोणी डोंगर, वर धूर, बाजूने लाल ओघळ. दख्खनसाठी ते चित्र डोक्यातून काढून टाका. इथे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमीन शिवण उसवावी तशी लांबच लांब भेगांनी उसवली, त्यातून पातळ लाव्हा वर आला आणि सपाटीवर पसरत गेला, थिजला, मग मध्ये बराच काळ काहीच नाही, मग परत कधीतरी दुसरा आला आणि त्याच्यावर बसला, असं किती वेळा. आज जे शिल्लक आहे तेच ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग त्यातच येतो, शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगणाचे तुकडे. जाडी घाटमाथ्याकडे सगळ्यात जास्त आणि पूर्वेकडे जाता जाता कमी होत जाते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला अभ्यासासाठी भोक पाडलं तिथे ३३८ मीटरवर बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, संपला, कोयनेच्या बाजूला एका ठिकाणी तो ९३३ मीटरपर्यंत पुरला, आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक.

एवढा लाव्हा म्हणजे नक्की किती हे आकड्यांवरून डोक्यात शिरत नाही, माझ्याही नाही. म्हणून आइसलंडचं सांगतो. तिथे १७८३ साली लाकी नावाच्या ठिकाणी अशीच २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली, आठ महिने धुमसत होती, साधारण १५ घन किलोमीटर लाव्हा आला. गंधकाच्या वायूने गवत नासलं, जनावरं मेली, दुष्काळ पडला आणि आइसलंडची जवळपास पाचवा हिस्सा माणसं गेली. दख्खनमधले मोठे लाव्हा एकेक हजार घन किलोमीटरच्या पुढचे आहेत. गोदावरीच्या खालच्या अंगाला राजमहेंद्रीजवळ जो बेसाल्ट आहे तो इकडूनच, पश्चिमेकडून, जवळपास हजार किलोमीटर वाहत गेलेला असावा असं त्याच्या रसायनावरून मानतात.

याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नाही, स्वीडिश भाषेत ट्राप्पा म्हणजे जिना, त्यावरून ते आलंय. (एका सहलीत बरोबरच्या एकाने लोकांना ‘दख्खनचा सापळा’ असं सांगितलं होतं, आणि भर पावसात नाळेत अडकल्यावर ते भाषांतर मला पटलंही होतं.) जिना का दिसतो तर एकेका लाव्हाचा मधला भाग घट्ट असतो, तो कडा होऊन उभा राहतो, आणि वरचा भाग बुडबुड्यांनी पोखरलेला, ठिसूळ, तो झिजून मागे सरकतो आणि तिथे गवताचा पट्टा येतो. तुम्ही लोक ज्याला ट्रॅव्हर्स म्हणता ती कड्याच्या पोटातली आडवी वाट बऱ्याचदा दोन लाव्हांच्या सांध्यावरूनच गेलेली असते. पुढच्या रविवारी त्या वाटेवर चालताना डोंगराकडची बाजू बघा, दरीकडची नको, तसंही दरीकडे बघून पाय लटपटतात.

आणि तोंड बघायचीच हौस असेल तर धुळे-नंदुरबारकडे जा. तिथे माळावर काळ्या दगडाच्या भिंती उभ्या दिसतात, कुणी रचल्यासारख्या, काही तर कित्येक किलोमीटर सरळ रेषेत. भेगेतून वर येता येता लाव्हा तिथेच थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि ही भिंत उरली, त्याला डाइक म्हणतात. साक्री तालुक्यातून एका वाचकाने विचारलंय की आजोबा सांगायचे ही भिंत पांडवांनी एका रात्रीत बांधली, लाकडाच्या मोळ्या आडव्या रचाव्यात तसे दगड रचलेत, ते कसं. तर लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकून त्याचे खांब होतात, आणि खांब नेहमी थंड बाजूकडून आत वाढतात. पसरलेल्या लाव्हाला थंडी वरून आणि खालून लागते म्हणून तिथे खांब उभे, भेगेत दोन्ही बाजूंनी लागते म्हणून आडवे. आजोबांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, गवंडी तेवढे वेगळे निघाले.

प्रश्न : माझी विहीर ५५ फूट खोदली, खाली काळा पाषाण लागला, पाणी नाही. बांधाच्या पलीकडे चुलतभावाची ३५ फुटांवर आहे आणि एप्रिलातही मोटर दोन तास चालते. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दिली होती, त्याचे पैसे गेले ते वेगळेच. दोघांच्या रानात दगड तर एकच आहे, मग असं कसं? (जुन्नर तालुका)

दादा, दगड एकच दिसतो, पण एक नाहीये. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की भावाच्या विहिरीच्या काठावर उभे राहून समोरची भिंत वरून खाली वाचत जा. आधी माती, मग मुरूम, त्याच्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोळे, मग काळा घट्ट पाषाण आणि त्याला उभ्या चिरा. त्या चिरा खाली जाता जाता एका ठिकाणी एकदम थांबतात. तिथे एक आडवी रेघ असणार. रेघेखाली कधी वीतभर कधी हातभर लाल थर, आपण ज्याला गेरू म्हणतो तो, आणि त्याखाली भोकांभोकांचा, पांढरे ठिपके भरलेला दगड, विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात. आता ओल कुठून सुटते ते बघा. माझी पैज आहे की त्या रेघेवरून सुटते.

वरचा पाऊस चिरांमधून खाली येतो, लाल थर चिकणमातीसारखा असल्याने बहुतेक वेळा पाणी पुढे सोडत नाही, मग ते त्याच्यावरून आडवं चालायला लागतं आणि जिथे विहिरीने रेघ कापली तिथे बाहेर पडतं. जिथे लाल थर नाही आणि खालचा मांजऱ्या चांगला पोखरलेला आहे तिथे पाणी त्याच्यात साठतं. घट्ट पाषाण, ज्याला चिरा नाहीत, तो मात्र कोरडाच. आणि तुमच्या भागातले लाव्हा म्हणजे जाड अखंड चादरी नाहीत, सैल झालेली कणीक परातीत ओघळावी तशा जिभा आहेत छोट्या छोट्या, एकीवर एक चढलेल्या, एक इथे संपते तर दुसरी तिथून सुरू होते. बांध ओलांडला की खालचं सगळं चित्र बदललेलं असू शकतं. तुमची विहीर बहुतेक एखाद्या जाड जिभेच्या बरोबर पोटात गेलीय.

आता करायचं काय. आणखी खोल जायची घाई करू नका, आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा, आसपासच्या विहिरींचे थर त्यांना ठाऊक असतात. भावाच्या विहिरीतली रेघ जमिनीपासून किती फुटांवर आहे ते दोरीने मोजून ठेवा आणि तुमच्या विहिरीत त्याच पातळीच्या आसपास आडवं बोअर मारता येईल का ते तिथल्या माणसाला दाखवा. पाणाड्यांशी माझं भांडण नाही, त्यातले काही जण जमिनीचा उतार आणि झाडं बघून बरोबर अंदाज बांधतात आणि मग नारळ फिरवतात. पण नारळाला सांधा दिसत नाही.

त्या लाल थराबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सगळे लोक आगीबद्दल विचारतात आणि याच्याबद्दल कुणी विचारत नाही. एक लाव्हा येऊन गेला की तो उघडा पडतो, पाऊस-ऊन खातो, माती होते, त्यावर वाऱ्याने आलेली राख बसते, झाडं येतात, डबकी साचतात, आणि मग पुढचा लाव्हा येऊन ते सगळं भाजून काढतो, वीट भाजावी तसं. म्हणून लाल. ३० मीटरचा कडा काही वर्षांत किंवा काही दशकांत तयार झालेला असू शकतो, पण हातभर गेरूला हजारो वर्षं लागलेली असतात. गडावरची पाण्याची टाकीही बऱ्याच ठिकाणी अशा सांध्यापाशीच खोदलेली दिसतात, खोदणाऱ्यांना भूगर्भशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं पण ओल कुठे आहे हे बरोबर कळत होतं. उलट रस्त्यासाठी डोंगर कापताना हाच थर नडतो, भिजला की फुगतो आणि भुगा होतो आणि वरचा कातळ बसतो. मी स्वतः एका घाटात पावसानंतर याच थराला हात टेकवून फोटो काढायला गेलो आणि गेरूसकट खाली गटारात आलो. पँटचा रंग अजून गेला नाहीये.

प्रश्न : मी दहावीत आहे. डायनासोर उल्केमुळे मेले की दख्खनच्या लाव्हामुळे? सर म्हणतात उल्का, व्हिडिओमध्ये सांगतात लाव्हा. (नागपूर)

परीक्षेत सर सांगतील तेच लिही. पण तू नागपूरची आहेस म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. तुझ्यापासून फार लांब नाही, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथे लाव्हाच्या खालच्या मातीच्या थरात डायनासोरची हाडं सापडतात आणि त्यांचं दगड झालेलं शेणही सापडतं. त्या शेणात २००५ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांना गवताच्या पेशींमधले काचेसारखे सूक्ष्म कण सापडले. त्याआधी असं मानत होते की गवत आलं डायनासोर गेल्यावर. म्हणजे डायनासोर गवत खात होते हे जगाला विदर्भातल्या शेणाने सांगितलं. जबलपूरला तर १८२८ सालीच डायनासोरची हाडं सापडली होती, डायनासोर हा शब्दही तेव्हा तयार झाला नव्हता.

आता तुझा प्रश्न. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर आल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की डायनासोरच्या काळाच्या शेवटच्या थरात इरिडियम हा धातू एकदम वाढलेला आहे, जमिनीवर तो फार कमी असतो, उल्केत जास्त असतो. पुढे मेक्सिकोत चिक्सुलुब इथे तेवढ्याच वयाचं, साधारण १८० किलोमीटर रुंदीचं विवर ओळखलं गेलं. त्यामुळे मुख्य घाव उल्केचा, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पण दख्खनचा लाव्हा त्याच्या आधीही चालू होता आणि नंतरही, आणि त्याच्या वायूंनी हवामान आधीच डळमळीत केलं होतं का, हा वाद चालू आहे.

वाद कुठे अडलाय तर वेळेवर. कुठला लाव्हा उल्केच्या आधी आणि कुठला नंतर हे ठरवायला फार बारीक वय मोजावं लागतं. बेसाल्टमध्ये झिर्कॉन नावाचा खनिज-कण सहसा मिळत नाही, आणि वय मोजायला तोच सगळ्यात भरवशाचा. मग एका गटाने तो लाल थरांमध्ये शोधला, तिथे वाऱ्याने आलेली राख असते ना, तिच्यात. दुसऱ्या गटाने थेट लाव्हाचं वय वेगळ्या पद्धतीने काढलं. दोघांचे निकाल २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले आणि जुळले नाहीत! एक म्हणतो उल्केच्या थोडं आधी मोठा लोंढा आला होता, दुसरा म्हणतो बहुतेक लाव्हा उल्केनंतर आला. म्हणजे तुझे सर आणि तुझा व्हिडिओ यांचंच भांडण, फक्त मोठ्या माणसांचं.

आणि सगळं काही मेलं नव्हतं बरं का. मुंबईत वरळीला दोन लाव्हांच्या मधल्या तळ्याच्या गाळात इवलेसे बेडूक सापडलेत, दगड झालेले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं, डायनासोर हे नाव ज्यांनी दिलं तेच हे ओवेन. खाली थिजलेला लाव्हा, त्यावर तळं, तळ्यात बेडूक, आणि मग वरून पुढचा लाव्हा. मधल्या काळात त्या बेडकांच्या किती पिढ्या निवांत डराव डराव करून गेल्या असतील त्याला गणती नाही.

प्रश्न : मुलगा खडी क्रशरजवळून एक फुटका दगड घेऊन आला. बाहेरून काळा, आत पोकळी आणि पोकळीत पांढरे-गुलाबी स्फटिक, पंख्यासारखे. हिरा वगैरे नाही ना? (संगमनेर)

हिरा नाही, पण मुलाला ओरडू नका. वर्णनावरून स्टिल्बाइट वाटतंय, झिओलाइट गटातलं खनिज. मधे कंबर आवळलेली आणि दोन्ही टोकं फुललेली, गव्हाची पेंढी बांधावी तशी, असं असेल तर नक्की तेच.

हे असं तयार होतं. लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे आतच अडकतात आणि पोकळ्या राहतात, मोहरीएवढ्या, कधी माणूस आत बसेल एवढ्या. पुढे फार काळाने, काही ठिकाणी तर कोट्यवधी वर्षांनी, गरम पाणी खडकात फिरतं, खडकातलंच थोडं थोडं विरघळवून घेतं आणि पोकळीच्या भिंतीवर सोडतं. तुमचा दगड उन्हात धरा आणि भिंगातून कडेकडून आत बघत या. काळ्या दगडाला लागून बहुतेक हिरवट पातळ साल दिसेल, तिच्यावर गारगोटीचा दुधी थर, मग हे पंखे, आणि पंख्यांच्या टोकावर कधी कधी चौकोनी पाण्यासारखा स्वच्छ स्फटिक, तो अपोफिलाइट. म्हणजे कुठलं आधी आलं आणि कुठलं नंतर याचा हिशेब बाहेरून आत असाच लागतो. सुयांचा झुबका असेल तर स्कोलेसाइट, त्याला हात लावू नका, सुया मोडतात आणि बोटातही जातात, दोन्हीचा अनुभव आहे.

झिओलाइट हे नाव १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश माणसाने ठेवलं, तापवलं की त्यातलं पाणी उकळून बाहेर येतं म्हणून ‘उकळणारा दगड’. ट्रॅपही स्वीडिश आणि हेही स्वीडिश, दगड मात्र आपले! पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतलं निळंभोर कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे, पाषाणच्या बाजूचं हिरवं अपोफिलाइटही. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, मुलाला एकदा तिथे घेऊन जा. खाणीत मात्र एकट्याला सोडू नका, सुरुंगाची वेळ कुणी सांगत नाही.

प्रश्न : आमच्याकडे तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथे गरम पाण्याचे झरे आहेत. म्हणजे खाली ज्वालामुखी अजून जागा आहे का? परत होईल का? (संगमेश्वर)

नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथे जमीन मुळातच गरम असते, दर किलोमीटरला साधारण २५-३० अंश वाढतात, आणि तेच पाणी दुसऱ्या भेगेने लवकर वर आलं की गरम लागतं. कोकणात हे झरे उत्तर-दक्षिण एका ओळीत आहेत ते या भेगांमुळे. वज्रेश्वरी-गणेशपुरीचंही तेच.

दख्खनचा लाव्हा ज्या उष्ण जागेवरून आला असं बहुतेक जण मानतात ती जागा आता हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे, तिथला पिताँ द ला फुर्नेज हा ज्वालामुखी अजून सारखा उद्रेक करत असतो. जागा तिथेच राहिली, आपण तिच्यावरून उत्तरेला सरकत आलो. आज मुंबईपासून ती जवळपास पाच हजार किलोमीटरवर आहे. भारतात जागा ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट, आणि त्याचा दख्खनशी संबंध नाही.

प्रश्न : लोणारचं सरोवर ज्वालामुखीचं तोंड आहे असं आमचे वडील सांगतात. मध्यंतरी पाणी गुलाबी झालं तेव्हा गावात अफवांना ऊत आला होता. (मेहकर)

वडिलांना दोष देऊ नका, काळ्या बेसाल्टच्या मधोमध गोल खड्डा दिसला तर कुणालाही तेच वाटणार, मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही शंभरेक वर्षं तेच वाटत होतं. पण लोणार उल्कापाताने झालंय. साधारण १.८ किलोमीटर रुंद. १९७० च्या दशकात तिथे भोकं पाडून तळाचा खडक काढला तेव्हा त्यात मॅस्केलिनाइट सापडलं, म्हणजे फेल्डस्पार या खनिजाची न वितळता धक्क्याने झालेली काच. असा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. काठावर फिरताना अजून एक बघण्यासारखं, लाव्हाचे थर एरवी आडवे असतात, इथे काठाशी ते वर मुडपलेत आणि काही ठिकाणी चक्क उलटे पडलेत, पुस्तकाचं पान उलटावं तसे. वय मात्र वादात आहे, एका पद्धतीने साधारण ५२ हजार वर्षं येतं आणि दुसरीने ५ लाख ७० हजार. लवणासुराची गोष्ट सांगणाऱ्यांनी वर्षं सांगायची भानगड ठेवली नाही ते शहाणे.

गुलाबी पाणी जून २०२० मधलं. खारेपणा वाढला, पाणी कमी झालं, आणि खाऱ्या पाण्यात राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांचा रंग गुलाबी. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले होते. पावसाचं पाणी आत आलं तसा रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला.

प्रश्न : अंधेरीची गिल्बर्ट हिल आणि कर्नाटकातली सेंट मेरी बेटं दोन्हीकडे सारखेच दगडी खांब आहेत. दोन्ही दख्खनचेच ना? (मुंबई)

गिल्बर्ट हिल हो, साधारण ६० मीटर उंच, आणि आजूबाजूच्या इमारतींनी तिला असं घेरलंय की खांब बघायला मान मोडावी लागते. सेंट मेरी बेटं नाहीत. ती साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वीची, मादागास्कर भारतापासून फाटून गेला त्या वेळची, आणि खडकही वेगळा, बेसाल्ट नाही. खांब पडणं ही थंड होण्याची रीत आहे, लाव्हा कुठलाही असो.

प्रश्न : कासला मे महिन्यात गेलो. काळा-तांबडा खडक आणि वाळकं गवत. एवढ्या लांबून गेल्यावर फसवल्यासारखं वाटलं. फुलं नक्की येतात कुठून? (सोलापूर)

मे महिन्यात जाऊन फुलं मागितलीत, म्हणजे दिवाळीत आंबे मागण्यातला प्रकार झाला. ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर जा. पण प्रश्न चांगला आहे, कारण कासवर फुलं येतात ती त्या खडकामुळेच.

कासचा खडक म्हणजे जांभा. सगळ्यात वरचा लाव्हा, त्याच्यावर पुढचा आलाच नाही, मग लाखो वर्षं पाऊस पडत राहिला आणि बेसाल्टमधला चुना, मॅग्नेशियम, सिलिका धुवून गेलं, उरलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम, गंजून घट्ट झालेलं. थोडं सैल बोलायची मुभा घेऊन सांगतो, जुन्नरच्या विहिरीतला लाल थर आणि कासचा सडा, म्हणजे हे उघडं कातळाचं पठार, ही एकाच कुळीतली भावंडं, एकावर लाव्हाचं झाकण पडलं आणि दुसरा उघडाच राहिला. १८०७ साली बुकानन यांनी केरळात हा दगड विटांसारखा कापताना बघून त्याला लॅटिनमधल्या विटेवरून लॅटराइट नाव दिलं, कोकणात आपण चिरे कापतो तोच हा.

या सड्यावर माती बोटभर. झाडाला मूळ रोवायला जागा नाही म्हणून जंगल येत नाही. चार महिने पाणी साचून दलदल, नंतरचे आठ महिने तवा. मातीत नत्र जवळपास नाहीच. अशा ठिकाणी जगायचं तर काहीतरी युक्ती लागते. सीतेची आसवं या जांभळ्या फुलाला पाण्याखाली बारीक पिशव्या असतात, त्यात किडे ओढून घेतं. दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी माशी धरते. गेंदाचे पांढरे गोळे दलदलीत उभे, डबक्यात वायतुरा, त्याचं शास्त्रीय नावच साताऱ्यावरून आहे, आणि तो कंदाच्या रूपात उन्हाळा काढतो. तुम्ही मे महिन्यात ज्या मातीवरून चाललात तिच्यात तो झोपलेला होता. टोपली कारवी तर सात-सात वर्षं थांबून फुलते. या सगळ्यासकट कास २०१२ पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशात आहे.

आणि मे महिना अगदी वाया गेला असंही नाही. साताऱ्याजवळच चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात सरडे भांडतात, नराच्या गळ्याखाली निळा, काळा, नारिंगी पंखा उघडतो आणि दगडावर उभा राहून तो डुलतो. २०१६ साली त्याचं नवीन प्रजाती म्हणून वर्णन झालं आणि त्याच्या गटाचं (इंग्रजीत जीनस) नाव ठेवलं ‘सरडा’, आपला मराठी सरडा, जसाच्या तसा. दगड मात्र उलटू नका, त्याखाली देवगांडूळ असतात, विंचू असतात, फुरसंही असू शकतं, आणि आंबोलीच्या सड्यावर तर पावसाळ्यात खडकावरच्या उथळ पाण्यात जगात फक्त तिथेच आढळणारे भेक अंडी घालतात, तिथे गाडी वळवायला पाच मिनिटं सडा बरा वाटतो आणि एक अख्खी पिढी चाकाखाली जाते.

पुढच्या वेळेसाठी एक सांगणं. दगडाचा फोटो पाठवताना शेजारी पेन किंवा नाणं ठेवा. मागच्या महिन्यात एका फोटोवरून मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘पाच-सहा मीटरचा उत्तम डाइक’ असं कळवलं आणि परत उत्तर आलं की सर, ती स्वयंपाकघरातल्या ओट्याची कड आहे.